विटकरी कुंकू

चैत्र शु. ४, शुक्रवार

काल गौर पाळण्यात बसली. गोदाने आरास केली, वर कैऱ्यांचा घोस टांगला. सुनेचे हात आता सासूसारखे, माझ्या काशीसारखे चालतात. ती गेल्याला हा तिसरा चैत्र. अजून वाटते, माजघरातून हाक येईल, "ऐकलंत का, पावकी संपली की सांगा."

ओसरीवरची शाळा तेव्हाच बंद केली. पोरांच्या पावकी-निमकीचे पाढे घोकण्याविना ओसरी म्हणजे नुसती जमीन.

चि. विसूची खबर नाही. दसऱ्याला लष्कराबरोबर उत्तरेत गेला, फडावरचा कारकून म्हणून. माघात जासुदाबरोबर गोदासाठी कुंकवाची लाखेची डबी धाडली. त्यानंतर शब्द नाही. कुंकू असे लाल, की पाहत राहावे. एक चरण जुळला, 'कपाळी उगवे पहाट सुनेच्या'. पुढे अडलो.

गोदाच्या कपाळाला कंड सुटते. ऊन बाधले असेल.

चैत्र शु. ८, मंगळवार

हळदीकुंकू झाले. पन्हे, डाळ, भिजले हरभरे. आळी लोटली होती. गोदाने प्रत्येकीला विसूच्या डबीतले कुंकू लावले. "तिकडून आलंय, उत्तरेतून," असे दर वेळी हळूच सांगे. मी आत देवघराशी बसून ऐकत होतो. किती महिन्यांनी तिचा आवाज असा उघडा.

बायका म्हणाल्या, असा रंग पुण्यात मिळत नाही.

काशीचे कुंकू विटकरी असे. घरचे. बायका हसत, ती म्हणे, "हसा, पण लावून घ्या."

चैत्र शु. ११

सकाळीच शेजारच्या यमुनाकाकू दारात. आत आल्या नाहीत.

"पंतोजी, आपल्या घरचं कुंकू फार मायेचं हो. धुतलं तरी सोडत नाही."

पदर सारून कपाळ दाखवले. लाल चट्टा, वर बारीक फोड. नातीलाही तसेच.

मी म्हटले, उन्हाचे असेल. तर म्हणाल्या, "ऊन काय टिकली पाहून पडतं?"

गेल्या. गोदा दाराआड होती. तिचे कपाळ आज नीट पाहिले. सासऱ्याने सुनेकडे असे पाहू नये, म्हणून इतके दिवस पाहिले नव्हते. कुंकवाखाली कातडे सोललेले. त्यावर मेण, मेणावर पुन्हा कुंकू. जखम जितकी ओली, तितके कुंकू जाड. विचारले तर म्हणाली, "फिकं दिसायला नको, मामंजी. ते तिकडे आहेत."

चैत्र शु. १२

गोदाला न सांगता चिमूटभर कुंकू पानात बांधून वैद्यांकडे नेले. बुधवारातले, माझ्याच हाताखाली श्लोक शिकलेले. आता मला उठून उभे राहत नाहीत, पण गादी सरकवतात.

वाटीत पाणी घेतले, चिमूट टाकली, ढवळली. लाल गाळ झटकन तळाशी बसला. वरचे पाणी जवळजवळ निवळ.

"हळदीचं असतं तर पाणी पिवळट झालं असतं आणि पूड अशी दगडासारखी बुडाली नसती. हा शेंदूर. हिंगूळही असेल. सून जेवते कशी?"

जेवत नाही, म्हटले. तोंडाला चव नाही म्हणते, पोटात कळ येते. मी समजत होतो, नवऱ्याच्या काळजीने.

"काळजीनेही. पण ज्या बोटाने लावते त्याच हाताने जेवते. ही माती पोटात जाते, पंतोजी. आजच बंद. नाहीतर पुढे हातपाय धरतील."

उठलो तर म्हणाले, "आणि या काळ्याभोर मिशा कुणाच्या?"

माझ्याच, म्हटले.

"कलप कुठला?"

मंडईजवळचा. काय घालतात ठाऊक नाही.

"मग ओठाला लागून काय होईल तेही ठाऊक नसणार."

शिष्य मोठे झाले की असे बोलतात. मी शिकवले तेव्हा तोंडातून ळ निघत नव्हता.

चैत्र पौर्णिमा

गोदाला सांगितले. तिने डबी मुठीत धरली. मग म्हणाली, "कपाळ मोकळं ठेवू? ते तिकडे असताना?"

मोकळे कशाला, दुसरे लाव. जखमेच्या वर, चांगल्या कातड्यावर.

"हे त्यांनी दिलंय, मामंजी. त्यांच्या हातचं एवढंच आहे माझ्याकडे."

माझ्याकडेही काशीच्या हातचा एक पाटा आहे. कुणी म्हणाले तो विषारी, तर मी तरी टाकीन का.

संध्याकाळी पाहिले. पुन्हा तेच लाल, तितकेच जाड.

चैत्र व. ३

ठरवले, घरी करायचे. हळकुंडे, लिंबाचा रस, टांकणखार, थोडी तुरटी. एवढे ठाऊक. तांब्यापितळेचे भांडे नको, दगडीच, तेही आठवले. प्रमाण ठाऊक नाही. काशी करायची आणि मी बाहेर पोरांना शिकवायचो. माजघर पाच पावलांवर होते, कधी गेलो नाही.

वाळवून कुटले. पिवळेच राहिले. गोदा बाजूला बसून होती, मदत नाही, थट्टाही नाही. शेवटी म्हणाली, "आमटीला चालेल."

चैत्र व. ८

आज उमजले. पहाटे पडल्या पडल्या पावकी म्हणत होतो, सवय. म्हणता म्हणता काशीची हाक कानात आली. पावकी संपली की सांगा. इतकी वर्षे वाटत होते, तिला पोरांचा गलका नको असे. तसे नव्हते. आमचे घोकणे हे तिचे घड्याळ. पावकी होईपर्यंत रसात खार घोटायचा. निमकी संपली की हळकुंडे उलटायची. श्लोकांना आम्ही येत असू तेव्हा ती पदराला हात पुसत दाराशी उभी राही. मला वाटे, श्लोक ऐकायला आली.

श्लोकही ऐकत असेल.

ओसरीवर एकटाच बसलो आणि मोठ्याने पावकी म्हणत खार घोटू लागलो. यमुनाकाकूंनी भिंतीवरून पाहिले. "पंतोजी, शाळेत कोण आहे?"

कोणी नाही, म्हटले.

"मग बरी शिस्त आहे."

चैत्र व. १४

सावलीत वाळलेली हळकुंडे आज कुटली. आतून विटकरी. हुबेहूब तिचे. डाव्या मनगटावर पानात उरलेले डबीतले लावून ठेवले होते, उजव्यावर हे. डावे खाजते. उजवे शांत. गोदाला दोन्ही हात दाखवले.

तिने पाहिले. म्हणाली, "खरं आहे." आणि उठून गेली. डबी कमरेला असते.

वैशाख शु. १

कलप धुतला. निघता निघेना, मग न्हाव्याकडून मिशा बारीक करून घेतल्या. वर येईल ते पांढरे. काशीला काळ्या आवडत. तिच्यासाठी लावत होतो, ती गेल्यावरही.

गोदा ताट वाढताना थबकली. आधी हसू आले तिला, मग डोळे भरले.

"मामंजी, ते आले की ओळखतील का तुम्हाला?"

मी म्हटले, बापाला पांढऱ्या मिशीत ओळखेल, तर बायकोला विटकरी कुंकवात ओळखणार नाही?

जेवायला बसली तेव्हा भात दुसऱ्यांदा घेतला तिने, स्वतःहून.

वैशाख शु. ३

अक्षय्यतृतीया. गौर निघाली. बायका आल्या, पण दबकत. यमुनाकाकू पुढे. "कोणतं लावणार आहेस ते आधी सांग बाई."

गोदाने पंचपाळे पुढे केले.

"अगं, हे तर विटेसारखं."

"विटेने कपाळ सोलवटत नाही, काकू."

काकूंनी कपाळ पुढे केले. तेव्हा दिसले, गोदाच्या कपाळावरही तेच होते. जखमेच्या जरा वर, लहानसे, नीट गोल. सकाळपासून असणार. मी पाहिले नव्हते.

डबी देवघरात आहे. फडक्यात बांधून, वर गाठ. तिथे असू दे.

वैशाख व. १०

कपाळावर नवे कातडे, भोवतीपेक्षा उजळ. वैद्य म्हणतात, ठिपका राहील. भूक आहे. काजळही आता घरीच धरते, तुपाच्या दिव्यावर.

लष्कराच्या काही पागा परतल्या म्हणतात. सरकारवाड्यापुढे रोज माणसे उभी. मीही जातो. पाऊसकाळाआधी सगळे परततात, आजवर परतलेत.

चरण मोडला. पहाट आता बसत नाही. विटकरी रंगाला उपमाच नाही कुठल्या श्लोकात.

ज्येष्ठ शु. १२

वटपौर्णिमा जवळ आली. आळीतल्या बायकांनी कुंकू मागितले, म्हणून मोठा घाणा. गोदा माजघरात दगडीत रस घोटायला बसली, मी ओसरीवर. "चला, मामंजी," म्हणाली.

पावकी जरा पुढे गेली आणि आळीत घोड्याच्या टापा. मी थांबलो. आत दगडाचा आवाजही थांबला. टापा आमच्या दारापर्यंत आल्या, जरा रेंगाळल्या, आणि पुढे गेल्या. कुणाच्या दारी थांबल्या ते कळले नाही.

मला वाटले, ती रडत असेल.

मग आतून हाक आली. "बाराव्यावर होतात, मामंजी. पुढे म्हणा."

म्हटले.