सत्तरवरून उतरणारा काटा

३ फेब्रुवारी

दारं एकशे चौदा. जिने तीन, त्यातला एक वळणाचा. आमचं जेवणाचं टेबल, एकही खिळा न मारता. मुलीचा पाळणा, पुढे तिचंच कपाट. सगळं याच दोन हातांनी, कुणाच्या हाताखाली न शिकता. आणि आज सकाळी माझ्या पायात मोजे बायकोने चढवले – कंबरेतून वाकताच येईना. मी छताकडे बघत बसलो.

४ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. पालथं झोपवलं. पोटाखाली हवेची चपटी पिशवी, तिला नळी, नळीला काट्याची तबकडी. काटा सत्तरवर आणला.

"बेंबी पाठीकडे ओढा. श्वास चालू ठेवा. काटा सहा-आठने उतरला की पोटाचा आतला स्नायू कामाला लागला. कंबरेला तोच आधार देतो. दहा मोजून सोडा, काटा परत सत्तरवर यायला हवा."

मी ओढलं. काटा ढिम्म.

"काका, मागचा भाग आवळताय. पोट ओढा, पोट."

तीस वर्षं सागाची दारं उचलली, आणि माझं पोट कुठे आहे ते मला आता कळायचं होतं.

"ही पिशवी घरी न्या, महिनाभर." म्हटलं, नको. असल्या वस्तू मी स्वतः करतो.

८ फेब्रुवारी

केली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन्ही तोंडं पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलेली. सासऱ्यांच्या जुन्या बीपी मशीनचा पंप आणि तबकडी. पहिल्याच दिवशी काटा तीनने उतरला.

बायको म्हणाली, "हिलापण पॉलिश मारणार का?"

१५ फेब्रुवारी

पाच. दहा मोजून झाले की सगळी हवा सोडतो, पुन्हा सत्तरपर्यंत भरतो. दर वेळी कोरी सुरुवात – ही माझी पद्धत. वहीत रकाने आखलेत.

२६ फेब्रुवारी

आठ! दुखणं तसंच आहे. झोपलेला स्नायू उठतोय, तर दुखणारच.

२७ फेब्रुवारी

कारखान्याच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी जे विचारलं त्याला नाही म्हणालो. वही पुढे ठेवली. "तीनवरून आठ. दहा दिवसांत पहिल्यासारखा दारं उचलीन."

मालकांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. "तुम्ही म्हणता तर ठीक. मग दुसऱ्याला विचारतो."

९ मार्च

सकाळी काटा नऊने उतरला. दुपारी दार उचललं आणि तिथेच बसलो. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. रंधे थांबले होते. सगळे बघत होते.

१० मार्च

ताईंकडे गेलो. त्यांच्या पिशवीवर काटा हलला नाही.

"तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

त्या स्वतः पालथ्या झोपल्या. काटा सातने उतरला. पोट सोडलं तसा सत्तरवर आला.

"काका, तुमच्या पिशवीवर परत येतो का?"

मी ते कधी पाहिलंच नव्हतं. आधीच हवा सोडून देत होतो.

घरी येऊन माझी पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यावर सागाच्या चार फळ्या. सत्तरपर्यंत भरली. दहा मोजले.

एकसष्ट.

फळ्यांना पोट नसतं.

हवा सांध्यातून जात होती. सोल्यूशन रोज थोडं सुटत होतं आणि मी रोज थोडा बरा होत होतो. एकशे चौदा दारांत कुठे नख शिरणार नाही, आणि हा सांधा माझ्याच हातचा.

११ मार्च

ताईंकडे पिशवी मागितली. "न्या ना," एवढंच म्हणाल्या. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

काटा उतरला: शून्य.

१३ मार्च

कामावरून घरी बसवलंय. कंबर बरी झाली की या, म्हणाले. बायकोने शिवणाचं काम वाढवून घेतलंय.

"सहा महिने मी बघते. पण बसून करायचं काही आहे का तिथे, विचारून तर बघा."

"विचारतो," म्हणालो. तोंड फिरवून.

१४ मार्च

मालकांनीच विचारलं होतं, सत्तावीस तारखेला. नकाशे तपासायचे, नव्या माणसांना सांधे शिकवायचे. सगळं बसून, एक फळी उचलायची नाही. महिना बेचाळीस हजार. मला एकतीस मिळत होते.