दुसऱ्याच्या मापाची होडी

मंगळवार, ३ तारीख

होडी एकदाची ताब्यात आली. धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता बघत फिरलो. लाकडाची, एकट्या माणसाने हाताने बनवलेली, एका शिडाची. वाकून शिरायची छोटीशी केबिन, तिच्यात झोपायला फळी, एक स्टोव्ह, पाण्याचं पिंप. उभा जन्म शिलाई मशीनपुढे गेला. बंदरातल्या लोकांची शिडं शिवता शिवता ती सोडायला आणि आवरायलाही शिकलो, पण स्वतःची होडी म्हणजे काय ते आज कळलं.

आता किनाऱ्या-किनाऱ्याने मुक्काम करत एकट्याने लेकीच्या गावी जायचं. तिला मुलगी झाली आहे. नातीसाठी झबलं शिवलंय, त्याची फक्त बटणं राहिलीत, ती वाटेत लावीन. लेकीने फोनवर यथेच्छ झापलं, की बाबा, सरळ बसने या, या वयात ही काय थेरं. मी म्हटलं, आजोबा कसे आले हे पोरीला पुढे सांगण्यासारखं तर हवं.

होडी बनवणारे मिस्त्री गेल्या वर्षी समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत. होडी मात्र रिकामी, आपल्या आपण याच धक्क्याला येऊन लागली. मिस्त्रीकाकूंनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाल्या, त्यांनी कधी टेप हातात धरला नाही, सगळं स्वतःच्या अंगाच्या मापाने केलंय, तेव्हा तुम्हीच जरा जुळवून घ्या, ही काही जुळवून घ्यायची नाही. मला हसू आलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कापून कपड्यात बसवत नाहीत.

बुधवार, ४ तारीख

होडी काय पळते! शीड फुगलं आणि मी चक्क गाणं म्हटलं, ऐकायला कोणी नाही हे बरंच झालं.

पण कशालाही माझा हात पुरत नाही. दोर अडकवायची खुंटी इतकी उंच की टाचा वर कराव्या लागतात. बाकावर बसलो की पाय लोंबकळतात. सुकाणूच्या दांड्यावर मिस्त्रींच्या तळव्याने झिजून खळगा पडलाय, त्यात माझे दोन तळवे मावतील. झोपायच्या फळीवर मी म्हणजे मोठ्या उशीच्या अभ्र्यात घातलेली छोटी उशी. सगळं अंग आंबून गेलंय, तरी मजा आली.

शुक्रवार, ६ तारीख

वारा नाही. एका आडोशाच्या खाडीत नांगर टाकून बसून आहे. रिकामे हात मला सोसत नाहीत, म्हणून शिंप्याला सुचेल तेच सुचलं. टेप काढला आणि होडीवरून मिस्त्रींचं माप काढलं. फळीवरून उंची, पाठ टेकायच्या जागेवरच्या झिजेवरून खांदे, बाकापासून खुंटीपर्यंत हात. समोर उभ्या गिऱ्हाइकाचं चुकेल, पण या माणसाचं माप अगदी स्वच्छ निघालं. धिप्पाड गडी, उजवा खांदा किंचित पडलेला.

जादा शिडाचं कापड होतंच. त्याचा शर्ट बेतला आणि दिवसभरात हातशिलाईने पुरा केला. उजवा खांदासुद्धा उतरता ठेवला. परत गेलो की काकूंना देईन. केबिनमधल्या खिळ्याला टांगला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, या, घालून बघा.

मग माझा मीच हसलो. केबिनमध्ये मी आणि स्टोव्ह, तिसरं कोण असणार.

रविवार, ८ तारीख

सकाळी एका लाटेने सगळं भिजवलं. कपड्यांची पिशवी तर पिळून काढावी लागली. कोरडा म्हणून तोच शर्ट अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली, दोनदा दुमडल्या. आरशात बघितलं असतं तर बुजगावणं दिसलं असतं.

होडी मात्र आज लोण्यातून सुरी जावी तशी चालली. दुपारी लेकीचा फोन लागला. तिला आवाज घोगरा वाटला. खारा वारा लागलाय म्हटलं. नातीचं रडणं ऐकवलं तिने, कान तृप्त झाले.

मंगळवार, १० तारीख

बाहीची एक घडी सोडावी लागली. कोरं कापड पाण्याने आटतं, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय. तेच झालं असणार.

पण आज बाकावर बसल्यावर माझे पाय खाली टेकले. बाक कसा आटेल?

बुधवार, ११ तारीख

टेप लावला. माझ्या हाताचं माप मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. दोन इंच जास्त भरलं. टेप ओला असेल म्हणून वाळवला आणि पुन्हा लावला. तेवढंच.

माझा जुना शर्ट घालून बघितला. मीच बेतलेला, मीच शिवलेला, तो पाठीत टर्रकन फाटला. उजव्या खांद्याला हात लावून बघितला. उतरलाय. भीती वाटते आहे, उगाच काय लपवायचं.

तो शिडाचा शर्ट उतरवला, गोळा केला, समुद्रात फेकला. बुडताना डोळ्यांनी बघितला.

गुरुवार, १२ तारीख

शर्ट खिळ्याला आहे. कोरडा.

झबल्याची बटणं लावायला बसलो. सुईत दोरा जाईना. बोटं ही अशी, सोट्यासारखी — सुई त्यांत सापडतच नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. रडलो.

किनाऱ्याला लागून चालत जायचं ठरवलं. सुकाणू वळवलं, होडी वळली नाही. जवळून मासेमारीची होडी गेली, ओरडून मदत मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात केला. मीही हात केला, आणि माझ्याच तोंडून आवाज आला, सगळं ठीक आहे. मला तसं म्हणायचं नव्हतं.

दांड्यावरच्या खळग्यात माझा तळवा आता बरोबर बसतो. सुटत नाही लवकर.

शुक्रवार, १३ तारीख

लेकीला फोन. तिने विचारलं, कोण बोलतंय. मी सांगितलं. ती म्हणाली, बाबांचा फोन तुमच्याकडे कसा. परत सांगायला गेलो तर —

टाचा वर कराव्या लागत नाहीत आता. खुंटी हाताशी येते.

शर्ट अंगात आहे. मी घातला नव्हता.

शनिवार, १४ तारीख

लेकीच्या गावाचा धक्का. होडी आपण होऊन लागली, गाईसारखी गरीब. वाटलं सुटलो.

लेक धक्क्यावर होती. कडेवर बाळ, दुपट्यात. बाळाचं नाक थेट आजीचं. मी समोर उभा, हातभरावर. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या मागे केबिनमध्ये शोधत होती. मग म्हणाली, काका, या होडीतून माझे बाबा येणार होते, ते कुठे आहेत?

मी म्हणालो, अगं मीच. मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, ते मागच्या बंदरावर उतरले, बसने येतो म्हणाले.

तिला ते पटलं. बसनेच यायला हवं होतं त्यांनी पहिल्यापासून, असं म्हणून हसली. नमस्कार केला मला. बाळाने माझं बोट धरलं होतं, ते तिने सोडवलं. पाठमोरी गेली. हाक मारतोय, मारतोय — ओठ मिटलेले.

झबलं द्यायचं राहिलं.

हात दोर सोडायला लागले. मी नाही, हात —

रविवार

होडी परत फिरली. आलो त्याच वाटेने. लेकीचं नाव दर थोड्या वेळाने मोठ्याने म्हणतो. सकाळी येत होतं. आता पहिलं अक्षर फक्त —

विसरायचं नाही. नात आहे. नाक आजीचं. बटणं —

मंगळवार

वारा घरचा. आज पोचणार. बायको धक्क्यावर उभी असेल, फार दिवस लागले म्हणून बोलणी बसतील.

केबिन आवरली. कुणाचा तरी टेप पडला होता. आपल्याला काय करायचाय टेप, टाकला पाण्यात. फाटका शर्ट होता, लहान मापाचा, तोही टाकला.

पिशवीत तळाशी एक झबलं निघालं. शिवण बारीक, एकसारखी, माणूस कसबी असणार. बटणं तेवढी राहिलीत. कुणाचं कोण जाणे. आम्हाला तर मूलबाळ नाही.

टाकायला हात बाहेर काढला, पण मूठ उघडत नाही. दुसऱ्या हाताने बोटं सोडवतोय. एक सुटलं, दुसरं सुटलं, आणि डोळ्यांना हे पाणी कशाचं —