बर्फावरचा कंडक्टर

मेहकर,
बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

जनाब फारुखभाई,

तुझा जुना कंडक्टर पंजाबराव सरकटे याचा सप्रेम जयभीम आणि सोबत सलाम. (दोन्ही घे, एकावर भागवू नकोस.) इकडे माझं ठीक चाललं आहे. गुडघे कुरकुरतात, पण दटावलं की ऐकतात. तुझी तब्येत विचारणार होतो, तर तुझ्या आसमाने फोनवर आधीच सगळा रिपोर्ट दिला. बीपी चांगलं, साखर चांगली, जेवण बेताचं, आणि शाहजादीभाभी गेल्यापासून, म्हणजे चौदा महिने होत आले, जुम्म्याची नमाज सोडली तर अब्बा दिवाणावरून हलत नाहीत. फोन तू उचलत नाहीस. दोनदा देऊळगाव राजाला तुझ्या घरी आलो, तर तू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलंस. (सोंग कशावरून म्हणशील. अरे, बावीस वर्षं मुक्कामी गाडीत तुझ्या शेजारी झोपलो आहे. तू खरा झोपलास की अख्खा जालना डेपो जागा होतो.) म्हणून हे पत्र. तू नाही वाचलंस तर आसमा तुझ्या उशाशी बसून मोठ्याने वाचणार आहे, तसं तिने मला कबूल केलं आहे.

निवृत्तीनंतर माणसाने सकाळी पेपर वाचावा, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी मंदिरात किंवा विहारात जाऊन बसावं, असं आमच्या समताचं मत आहे. (समता म्हणजे माझी धाकटी, तुझ्या गाडीत दर खेपेला उलटी करायची ती. आता शाळेत शिक्षिका आहे आणि मलाही वर्गातलाच समजते.) मी दोन वर्षं तसं करून पाहिलं. मग एक दिवस तिची कॉलेजातली सायकल गच्चीवरून खाली उतरवली. रंग गुलाबी, पुढे टोपली. मेहकरच्या बाजारात पहिल्या दिवशी लोक हसले, दुसऱ्या दिवशी वाट देऊ लागले, आणि तिसऱ्या दिवशी मी ती थेट आपल्या जुन्या रूटवर काढली. सुलतानपूर, बिबी, दुसरबीड. अरे, या रस्त्याला एवढे चढ आहेत हे तू मला कधी बोलला नाहीस! माझी खोड अशी की निघताना डबल बेल वाजवल्याशिवाय पाय हलत नाही आणि दर थांब्यावर थांबल्याशिवाय राहवत नाही. दुसरबीडच्या फाट्यावर थांबलो, तर आपली जुनी पॅसेंजर कलाबाई हात करून उभी. (आठवली ना? सामानाचं तिकीट काढायची वेळ आली की जिला ऐकू यायचं नाही, ती.) तिने काही न विचारता पाच किलो वांगी माझ्या कॅरिअरवर ठेवली, दोरीने आवळली आणि म्हणाली, "सिंदखेडले माह्या पोरीकडे देजो. अन् तुहा डायवर कुठी हाय? बरा हाय ना तो?" मी म्हटलं, बरा आहे. वांगी पोचवली, पण हे खोटं बोललेलं मात्र मला मेहकरला परत येईपर्यंत टोचत राहिलं.

हुरूप वाढला तसा वरवट बकालला बहिणीकडे गेलो. तीन दिवस लागले. आशाबाईने आधी घाम पुसला, मग तासभर शिव्या दिल्या, मग पुरण घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सायकलसकट एसटीत बसवून परत पाठवलं. गाडीत कंडक्टर बाई होत्या. मी ऐटीत सांगितलं की मीही याच खात्यातला, तीस वर्षं नोकरी झाली, सायकल टपावर आहे, सांभाळून घ्या. त्या म्हणाल्या, "काका, मंग तं तुम्हाले नियम मायापेक्षा जास्त माहीत असतीन." आणि सायकलचं तिकीट फाडून हातात दिलं. काय सांगू फारुख, मला इतकं बरं वाटलं! आपल्या मागे खातं चांगल्या हातात आहे.

आता बर्फाचं. हसू नकोस. गेल्या हिवाळ्यात भुसावळहून रेल्वेने चंदीगडपर्यंत, तिथून पुढे सरकारी बसने मी मनालीच्या वर गेलो. पिशवीत वीस भाकरी, जवसाची चटणी, आणि समताने लपवून ठेवलेला औषधांचा डबा. वाटेत एक मुक्काम गुरुद्वारात केला. तिथे जेवण मिळालं, पांघरूण मिळालं, आणि सकाळी पोळ्या लाटायला बसवलं. माझ्या पोळ्यांचे आकार बघून एका सरदारीणबाईंनी मला हळूच भांडी घासण्याकडे वळवलं. पुढच्या बसचा ड्रायव्हर प्रत्येक वळणाआधी जिभेने चक् असा आवाज करायचा, अगदी तुझ्यासारखा. मी त्याच्या पाठीमागच्याच सीटवर बसून ते चक् मोजत होतो. चाळीसच्या पुढे मोजणं सोडलं, कारण डोळे भरून आले. (उंचीमुळे होतं म्हणतात.)

बर्फावर घसरायला जाडजूड बूट देतात आणि त्याखाली माणसाएवढ्या दोन पट्ट्या बांधतात. शिकवणारीने सांगितलं, गुडघे वाकवा, हात खाली ठेवा, थांबायचं असेल तेव्हा पट्ट्यांची टोकं समोर एकमेकांजवळ आणा. बाकी सगळे शहरातले लोक दोन पावलांत आडवे होत होते. मी पडलो नाही. कसा पडणार? ज्या माणसाने खड्ड्याखड्ड्यांतून, एका हातात तिकिटं आणि दुसऱ्या हातात सुटे घेऊन, कशालाही न धरता आयुष्य काढलं, त्याचा तोल बर्फ काय घालवणार! मी सरळ उभा, वेगात, थेट खाली. अडचण एकच झाली. थांबायची वेळ आली तेव्हा टोकं जवळ आणायचं डोक्यातून साफ गेलं आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, घंटीची दोरी शोधायला. दोरी कुठली तिथे! शिकवणारी मागून ओरडते आहे, हात खाली, हात खाली; आणि मी एका कुटुंबाच्या फोटोमधून आरपार गेलो, एका आजोबांची टोपी घेऊन गेलो, आणि सगळा पहाड ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "थांबव रे फारुख!"

थांबलो तो एका चहाच्या टपरीच्या ताडपत्रीत. टपरीवाल्याने मला बाहेर ओढलं, झटकलं, हातात चहा दिला आणि विचारलं, फारुख कौन है? मी म्हटलं, मेरा ड्रायव्हर है. मग त्याने विचारलं, कहाँ है? मी आणखी एक चहा सांगितला.

मग त्याला सगळं सांगितलं. आपला डबा कसा एक असायचा, भाकरी आमच्या घरची आणि भाजी तुमच्या घरची, हे सांगितलं. भाभींच्या हातचं अंबाडीचं वरण सांगितलं. भाभी गेल्या त्याचं मला काही नाही असं समजू नकोस. बावीस वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं आहे, माझं अर्धं रक्त त्यांच्या भाजीवर झालेलं आहे. तू दुःख करू नकोस, असं मी कशाला म्हणू? कर, पण भिंतीकडे तोंड करून एकट्याने करू नकोस. मी आहे ना. मला तुझी फार आठवण येते, आणि हे वाक्य आसमाने वाचलं तरी मला लाज नाही.

आसमाला आशीर्वाद, तिच्या पोरांना गोड पापा. उत्तराची वाट पाहत नाही, कारण तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे.

तुझाच,
पंजाबराव

ता. क. : एक सांगायचं राहिलं. आपल्या स्टँडजवळच्या जावेद वेल्डरकडून मी दोन जुन्या सायकली जोडून एक लांब सायकल करून घेतली आहे. दोन सीटा, चार पायडल. मागचं हँडल नुसतं धरायला आहे, वळतं ते फक्त पुढचं. ब्रेकही पुढेच. मी पुढच्या सीटवर बसून पाहिलं, आपल्याला ते जमत नाही. रविवारी एसटीच्या टपावर टाकून ती देऊळगाव राजाला आणतो आहे. रीतसर सामानाचं तिकीट काढून.

ता. क. दुसरा : समताला मी सांगितलं आहे की फारुखची तब्येत नाजूक आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. आसमाला सांगितलं आहे की माझीच तब्येत नाजूक आहे. दोघींनीही परवानगी दिली. त्या एकमेकींशी बोलायच्या आत निघायला हवं.

ता. क. तिसरा, हा मात्र आसमाने मोठ्याने वाचू नये, तुझ्या हातात द्यावा : समताला मी खोटं सांगितलेलं नाही, पण आसमाला सांगितलं तेच जास्त खरं आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं निसटलं आहे. गेल्या महिन्यात डावीकडून आलेली म्हैस मला दिसलीच नाही; तिने मला पाहिलं म्हणून वाचलो. थेंब चालू आहेत. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकेल म्हणतात, पण सायकल एकट्याने रस्त्यावर न्यायची नाही. मी अजून समुद्र पाहिलेला नाही, फारुख. एवढ्या लोकांना एवढ्या गावांची तिकिटं दिली, पण समुद्र राहून गेला. तुला घराबाहेर काढतो अशी वर पानभर ऐट केली, खरी गरज माझी आहे. बावीस वर्षं तुझ्याकडे पाठ करून उभा राहिलो, पुढे रस्ता कसा आहे हे तुला कधी विचारावंच लागलं नाही. आता समुद्रापर्यंत मी मागे बसून पायडल मारीन. समोर काय येतं आहे, तेवढं तू सांगत जा.