खड्ड्यातला लोडर

आनंद नगर, भोपाळ
गुरुवार, दुपार

प्रिय सत्यजित,

तो लोडर आपल्याला फार स्वस्तात पडला, असं मनोहर ठेकेदार दोन वर्षं गावभर सांगत होता. म्हटलं, एकदा नीट हिशेब लावून बघू. बकेट उचलणारा उजवा आर्म वाकला, तेलाचा एक होज पाइप फाटला, डाव्या चाकांच्या चेनची पेटी चेपली, आणि तो चालवणाऱ्या समीरची मांडी दोन जागी मोडली. पहिल्या तीन गोष्टी मी सरळ करून देईन. चौथीचं डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. पाय राहील म्हणतात, पण त्यावर तो उभा राहील असं अजून कुणी म्हणालेलं नाही. एवढ्याला पडला तो लोडर.

दादाचं पत्र बघून तू हसशील. फोन असताना कागद कशाला? पण फोनवर आपलं कसं होतं तुला माहीत आहे. मी अर्धं वाक्य बोलतो, तू "हो दादा, हो दादा" करत पुढचं अर्धं गिळून टाकतोस, आणि मग तुझी वंदना फोन घेते आणि तुझ्या वहिनीच्या गुडघ्यावर विषय जातो. गुडघा बरा आहे. जिना टाळते, पण आनंद नगरच्या भाजीबाजारात तिला कुठलाही गुडघा अडवत नाही. तुझ्या नागपूरच्या नव्या दुकानाचा फोटो तिनं सगळ्या गल्लीला दाखवला. पाटीवर तुझं नाव बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? वेल्डिंगचा एक उसना सेट घेऊन रायसेन रोडच्या कडेला आपण दोघं बसायचो, तेव्हा पाटी कसली, डोक्यावर पत्रासुद्धा नव्हता.

हा समीर तुझ्या ओळखीचा नाही. त्याचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले, आणि हा जन्मापासून भोपाळी. बोलताना निम्मं मराठी, निम्मं हिंदी, पण मशीनवर हात हलका. मनोहरनं तुझ्याकडून लोडर विकत घेऊन नागपूरहून ट्रकवर चढवून आणला, तेव्हापासून तोच चालवतो. मागच्या आठवड्यात बाग सेवनियात एका कॉलनीच्या सांडपाण्याच्या लाइनीसाठी खड्डा खणला होता, त्याची माती हा उचलत होता. बकेटमध्ये चिखल अडकला म्हणून आर्म अर्धे वर ठेवून, इंजिन चालू ठेवून तो उतरायला निघाला. या मशीनला बाजूला दार नाही. चालवणारा दोन आर्मच्या मधून, समोरूनच बाहेर पडतो. एक पाय बाहेर, एक आत, आणि आर्म खाली आले. मांडी मधे सापडली. बकेट खड्ड्याच्या काठावर आदळली, काठ ढासळला आणि मशीन नाकावर आत गेलं.

इंजिन बंद न करता उतरला ही त्याची चूक, मी त्याच्या तोंडावर सांगितलं. तो पलंगावरून म्हणाला, "दादा, गलती है मेरी. पैर पेडलला लागला असेल. लेकिन सेफ्टी बार मी उचलला होता, कसम से." त्याची बायको मंजूषा उशाशी बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही मशीनवाले. मशीनचीच बाजू घेणार." मी हसून म्हटलं, मशीनला वकील लागत नाही, ते स्वतःच बोलतं. ती काही हसली नाही.

तिचं बरोबर आहे. समीरची भरपाई आता मेकॅनिकच्या एका कागदावर अडली आहे. मांडीवरचा तो बार उचलल्यावर पेडल मेलेलं असतं, कितीही दाबा, आर्म हलत नाहीत. म्हणजे मशीन नीट असेल तर समीर खोटं बोलतोय, बार न उचलताच वळवळत बाहेर पडत होता, आणि पुढचं सगळं त्याच्या कपाळी. मशीनमध्ये खोट निघाली तर मनोहरला द्यावं लागेल. तो कागद लिहायचं माझ्याकडे आलं, कारण मनोहरचा माझ्यावर विश्वास आणि समीरच्या युनियनवाल्यांचाही. मनोहर मिठाईचा डबा घेऊन आला. म्हणाला, "अनंतदादा, बस इतना लिख दो की मशीन ओके थी." मी डबा उघडून एक पेढा खाल्ला आणि बाकीचे परत दिले. म्हटलं, पेढा चांगला आहे, पण मी ऐकेन आणि पाहीन तेच लिहीन, समोर कुणी का असेना. आजवर कुणासाठी एक अक्षर फिरवलेलं नाही, हे सगळं भोपाळ जाणतं.

लोडर क्रेनने माझ्या शेडमध्ये आणला. मनोहरचं म्हणणं, आधी होज फाटला म्हणून आर्म पडले, म्हणजे दोष कुणाचाच नाही, नशिबाचा. पण आर्म वर असताना होज फाटला असता तर तेल केबिनच्या जाळीवर उडालं असतं. जाळी कोरडी होती. सगळं तेल खाली, बकेटच्या पाठीवर, मातीत मिसळून घट्ट झालेलं. म्हणजे होज खड्ड्यात गेल्यावर फाटला. वाकलेला आर्मही तेच सांगत होता, त्याच्या घासल्याच्या खुणा खड्ड्यातल्या दगडाच्या. मग नवा होज बसवला, मशीन ठोकळ्यांवर घेतलं आणि सुरू केलं.

इंजिन स्वच्छ. पंप कण्हत नव्हता. डाव्या चेनमध्ये टिकटिक, ती पेटी चेपल्याची. तू गेल्यापासून शेडमध्ये कुणी मला ऐकू देत नाही, सगळे रेडिओ लावून बसतात, म्हणून मी सगळ्यांना चहाला पिटाळलं होतं. बार खाली घेतला, मग वर केला. वर केला की सीटखालून टक् असा आवाज येतो, कुलूप पडल्यासारखा. तो आला नाही. परत केला, नाही आला. आर्म खाली टेकलेले असतानाच बाहेर आलो आणि लांब काठीने पेडल दाबलं. बार वर असताना आर्म निमूट वर गेले, निमूट खाली आले.

समीर खरं बोलत होता. पहिल्यांदा मला आनंद झाला, खरंच. आता मंजूषाकडे मान वर करून जाता येईल म्हटलं.

मग सीट काढली. बारचं स्विच डायरेक्ट केलेलं होतं, मधून वगळून तार तारेला जोडलेली. यात नवल काही नाही, अर्ध्या देशात हेच चालतं. धुळीनं स्विच अडकतं, चालू कामात मशीन बंद पडतं, गिऱ्हाईक बोंबलतं, नवं स्विच महिना महिना येत नाही, मग कुणीतरी म्हणतं, सध्या डायरेक्ट कर, नंतर बघू. ते नंतर कधीच येत नाही. मला वाटलं, मनोहरच्या मिस्त्रीचं काम असणार. तो काळी टेप गुंडाळतो, तीही उन्हात सुटलेली. मी टॉर्च जवळ नेला. जोडावर टेप नव्हती. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी होती, बोटभर कापलेली, दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधलेली.

बाबा आठवले. कारखान्यातून सायकलवर यायचे आणि रेडिओची तार तुटली की टेपला पैसे नकोत म्हणून जुन्या व्हॉल्व्हची नळी काढायचे. आधी नळी ओवायची, मग पीळ द्यायचा. तू कायम आधी पीळ द्यायचास, मग नळी हातात धरून माझ्याकडे बघायचास, आणि बाबा खो खो हसायचे. बाबांनंतर असा जोड करणारे या जगात दोघेच आहेत, सत्यजित, आणि मी त्या मशीनला कधी हात लावलेला नव्हता.

तू कुणाचं वाईट चिंतून हे केलं नाहीस, हे मला कुणी सांगायला नको. गिऱ्हाईक दारात, ट्रक उभा, स्विच अडकलेलं. पण समीर तीस वर्षांचा आहे आणि छताकडे बघत आपण नक्की बार उचलला होता का, हे स्वतःलाच विचारत पडलाय. परवा तर म्हणाला, "दादा, शायद मीच विसरलो असेन." खोटं न बोललेला माणूस स्वतःला खोटा ठरवू लागलाय, ते मला बघवत नाही. म्हणून हे पत्र. पैशाचं नंतर बघू, मनोहर तुझ्या अंगावर येईल तेव्हा मी मधे उभा राहीन. तू आधी ये. रविवारच्या आत ये, माझ्याबरोबर दवाखान्यात चल, आणि ते डायरेक्ट तू केलंस हे समीरला तुझ्या तोंडून सांग. माझ्या कागदातून तुझं नाव त्याला कळावं असं मला वाटत नाही. तू आला नाहीस तरी कागद जाणारच. तुझं नाव मी कसं लिहायचं, ते मात्र मला अजून जमलेलं नाही.

मनोहर सकाळपासून दोनदा येऊन गेला. कागदावर आतापर्यंत फक्त मशीनचा नंबर लिहून झालाय.

तुझाच,
दादा