ती मागे आहेच, असे धरून

नाशिक, रविवार

प्रिय चि. वल्लरी हिस,

आजोबांचे आशीर्वाद. घरात फोन असताना म्हातारा कागद का खर्च करतो, असे तुझ्या मनात येईल. त्याचे कारण योग्य ठिकाणी लिहीन. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तरी आमच्या गुरुजींनी शुद्ध लिहिण्याची शिस्त लावली होती. काही चूक आढळल्यास ती माझ्या वयाची समजावी, गुरुजींची समजू नये.

येथील वर्तमान असे, की कुंभमेळ्यामुळे तांब्याच्या कलशांना मागणी वाढली असून आमच्या तांबट गल्लीत कोणास सवड नाही. मी आता हातोडा उचलत नाही, परंतु दुकानात बसून कामावर नजर ठेवतो. नवे कारागीर फार हलक्या हाताने ठोके घालतात. पूर्वी गल्ली कशी दणाणत असे. पंचवटीत कीर्तनास जातो, तर तेथील बुवाही अलीकडे पुटपुटतात. मी हे बोलून दाखवले, की तुझी आजी पदराआड हसते. शेजारचे नियाजभाई कल्हईवाले तुझी आठवण काढतात. लहानपणी तू त्यांच्या भात्यापुढून उठत नसस, आणि भांडे आतून चांदीसारखे उजळले, की टाळ्या पिटत असस.

परवा आजीकडून समजले, की मुंबईतील ती दोन स्थानके जोडणाऱ्या भुयारी मार्गाचे काम सोडण्यासाठी तू अर्ज लिहून ठेवला आहेस. ज्या वाटेवर माझीच आजी हरवली, ती वाट मी काय सुधारणार, असे तू तिला म्हणालीस. शिवाय आजोबा दिवाळीपासून रागावले आहेत, फोन आला, की लगेच आजीच्या हाती देतात, असेही म्हणालीस. तुझे हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

दिवाळीत तू आम्हांस ते काम मोठ्या हौसेने दाखवलेस. वर रस्त्यावरून पाहिले, तर दोन्ही स्थानके हाकेच्या अंतरावर, परंतु मधली वाहने ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून माणसांनी खालून जावे, आणि ते जाणे सुखाचे व्हावे, ही तुझ्या कार्यालयाची योजना. मला ती पटली होती. तू पहारेकऱ्याशी बोलण्यास थांबलीस, आम्हांस सरळ जाण्यास सांगितलेस, आणि मी नेहमीप्रमाणे पुढे निघालो. आमच्या लग्नापासूनची ती रीत आहे. भाजीबाजार असो वा कोणाचे लग्नकार्य, मी पुढे, ती मागे. मागे वळून पाहण्याची मला कधी गरज वाटली नाही, कारण तिच्या बांगड्या वाजत असत. दुसऱ्या स्थानकात वर आलो, ऊन छान पडले होते, ते तिला सांगण्यास वळलो, तर मागे सुटकेस घेतलेला एक अनोळखी गृहस्थ उभा होता.

तू धावत सुटलीस, ते मी विसरलेलो नाही. आजी सापडली ती वळणापाशी, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. गुडघा धरला होता, चप्पल मांडीवर होती, आणि झाडू मारणाऱ्या फुलाबाईंना लाडू देऊन त्यांच्या सुनेची चौकशी चालली होती. मला पाहून म्हणाली, “हाका मारून माझा घसा बसला, पण स्वारी आपली पुढेच.” त्यावर मी, गडबड ऐकून तेथे आलेल्या तुझ्या साहेबांदेखत बोललो, की हे भुयार कोणत्या शहाण्याने बांधले, येथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. तुझा चेहरा उतरला, तो मी पाहिला होता.

त्या मार्गात दोष आहेत, हे मी आजही म्हणेन. टेकण्यास बाक नाही, धरण्यास कठडा नाही. बाण आहेत ते छताला, आणि जाहिरातींच्या फलकांआड गेलेले. जेथे वाट फुटते, तेथे मराठीत एक अक्षर नाही. परंतु बाक कोठे हवा, हे तुझ्याइतके तुझ्या साहेबांस कळणार नाही. त्या वाटेवर त्यांनी स्वतःचे माणूस शोधलेले नाही.

आता कारण लिहितो. आजीच्या हाका मला पोचल्या नाहीत, यात तुझ्या भुयाराचा दोष नव्हता. जन्मभर तांबे ठोकून माझे कान गेले आहेत. फोनमध्ये मला नुसती खरखर येते, म्हणून तो आजीकडे देतो. तिच्या बांगड्याही कित्येक वर्षे ऐकू येत नव्हत्या. ती मागे आहेच, असे धरून मी चालत होतो. गेल्या आठवड्यात नियाजभाईंनी टोपी वर सरकवून स्वतःच्या कानातले यंत्र दाखवले आणि म्हणाले, “त्र्यंबकशेठ, चार वर्षं हे लावून तुमच्या शेजारी बसतोय. ऐकू येत नाही ते राहू द्या, दिसतही नाही का?” दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. आजीला सांगितले, तर म्हणाली, की हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त तुम्हांला सांगण्याची कोणाची छाती नव्हती. यंत्र मंगळवारी मिळेल. तुमच्या सुधारलेल्या मार्गावर प्रथम वृद्धांना चालवून पाहणार आहेत, असे आजी सांगत होती. त्यात आमची दोन नावे घाल. या खेपेस ती पुढे चालेल, मी बांगड्या ऐकत मागून येईन, आणि तू ठेवशील त्या बाकावर दोघेही बसू. तो अर्ज फाडून टाक. मंगळवारी सायंकाळी फोन कर. तो मी आजीकडे देणार नाही.

तुझ्या हाकेची वाट पाहणारा,
तुझाच आजोबा
त्र्यंबक