तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

लिंडवूड, मिनेसोटा
३ ऑक्टोबर १९८६

चि. मार्लिस हिस,
अ. उ. आ.

गेल्या मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, सफरचंदं शिजत ठेवली आणि तुझ्या व्हर्नरकाकांच्या बुटांना तेल लावायला बसले. ते गेल्यापासून तीन वर्षं बूट कुणाच्या पायात नाहीत, पण चामडं तडकू द्यायला मन होत नाही. तेवढ्यात वाचनालयाचे नवे अध्यक्ष डिलेनी आले. ते न्यू जर्सीचे. म्हणाले, ग्रंथपालबाई मुलीकडे राहायला गेल्या, त्यांची जागा तुम्ही घ्या.

मार्लिस, आठवीनंतर मी शाळा पाहिली नाही. शिकले ते वाचनालयाच्याच कपाटांतून. ते काम मला किती हवं होतं, ते तुला वेगळं सांगायला नको. मी म्हणाले, छे, मला कुठे जमायचं, दुसरं कुणी पाहा. आणि ते पुन्हा विचारतील म्हणून कॉफी टाकायला उठले. त्यांनी आभार मानले, टोपी घातली आणि निघाले. कॉफीलाही एकदाच नको म्हणाले, आणि ती त्यांना खरंच नको होती.

आता कळलंय की दहा तारखेच्या सभेपर्यंत कुणी मिळालं नाही, तर वाचनालय बंद करून पुस्तकं जिल्ह्याच्या गावी पाठवणार. आपण होऊन मागायला जाणं बरं दिसत नाही. ते परत येतील ना?

तिकडे ऊन फार, टोपी घालत जा. मायेत खंड नको.

तुझी आर्डिसमावशी

फिनिक्स, ॲरिझोना
६ ऑक्टोबर १९८६

ती. आर्डिसमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, ते परत येणार नाहीत. मी इथे आले तेव्हा पहिल्याच घरी केक पुढे आला. दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं, या आपल्या रीतीने मी नको म्हणाले, तर बाईंनी ताटलीच उचलून नेली. महिनाभर मी जिथे तिथे उपाशी राहिले. आपलं 'नाही' खरं मानणं हाच त्यांच्या लेखी आपला मान.

काकांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही तू दोनदा नाही म्हणालीस, आई अजून हसते. ते शेजारच्याच शेतावरचे, म्हणून तिसऱ्यांदा आले. आता तसं विचारणारं माणूस नाही गं. डिलेनींना खोटं उत्तर तू दिलंस, तर खरं सांगायलाही तूच जायला हवं. यात उद्धटपणा कसला? सभेला जा. निळा झगा घाल आणि 'तुमची हरकत नसेल तर' हे घरी ठेवून जा.

लोभ कर, आणि राग आला तर तोही कळव.

मार्लिस

लिंडवूड
११ ऑक्टोबर १९८६

चि. मार्लिस हिस,
अ. उ. आ.

राग आला होता. एक दिवस टिकला. मग निळा झगा इस्त्री केला.

सभा चर्चच्या तळघरात होती. पुस्तकं न्यायला ट्रक कधी येणार, ते डिलेनी वाचून दाखवत होते. मी उभी राहिले.

"मागे मी नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. हे काम मला हवंय, आणि मी ते चांगलं करीन."

सगळ्यांनी माझ्याकडे अशा माना वळवल्या, जणू मी नुसत्या परकरावर चर्चला आले होते. डिलेनींनी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? माझ्याऐवजी शेजारच्या बर्नीस लुंडनेच उत्तर दिलं.

"तुम्ही एकदाच विचारलंत ना!"

सगळे हसले, तेही हसले. हात वर करायला सांगितले, तर एकही हात खाली राहिला नाही. नंतर बर्नीसने केक पुढे केला आणि मी पहिल्या खेपेलाच हो म्हणाले. ती बघतच राहिली. मग तिने आणखी मोठा तुकडा कापला. घरी येऊन काकांच्या खुर्चीला सगळं सांगितलं.

तुझ्या आगाऊपणावर माझा लोभ आहे, तो तसाच ठेव.

तुझी आर्डिसमावशी

ता. क. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, बाहेर चिखल होता. मी पायमोज्यांचे दोन जोड चढवून काकांचे बूट घातले आणि नऊ वाजता वाचनालयाचं दार उघडलं.