बोरीच्या शेतात चाललेली मालिका

बोरी अरब,
रविवार, दुपार

आयुष्मती रुपालीवहिनी,

नलूचा सप्रेम जय भीम. आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे बरे नाहीत, पण ते बरे आहेत असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे. तू, प्रफुल्लदादा आणि पायल तिकडे यवतमाळात मजेत असाल. (मानानं 'तुम्ही' लिहिणार होते, पण मग तुला वाटलं असतं की मीही आईच्या पक्षात गेले.) फोन करून थकले. तू उचलत नाहीस, आणि दादा उचलतो पण 'मी मधे पडत नाही' एवढंच म्हणून ठेवून देतो. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड, कारण इकडे एवढं काही घडलंय की माझ्या पोटात मावत नाही.

उन्हाळ्यात आपण सगळे मिळून तो कौटुंबिक सिनेमा बघत होतो, ते तू विसरली नसशीलच. चार भाऊ दिवाणखान्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, त्यांच्याबरोबर आई रडत होती, आणि तू हसलीस. (मलाही हसू आलं होतं. चौघांतल्या एकाची मिशी सुटत आली होती. पण मी पदर तोंडात कोंबला, लेकीला ती सवय असते.) आई म्हणाली, ज्याले माया नसते त्यालेच हसू येते. तू बॅग भरलीस आणि गेलीस, ती अजून आली नाहीस. तेव्हापासून आमच्याकडे सिनेमा लागत नाही, फक्त मालिका लागते.

पण मालिका काय आहे म्हणून सांगू! सासू जिन्यावर उभी राहून एक वाक्य बोलते आणि अख्ख्या खानदानाचे चेहरे पुन्हा पुन्हा दाखवतात, तेवढ्यात माझी कणीक भिजवून होते. त्या घरात कोणी भांडी घासत नाही. सून झोपते तीसुद्धा नथ घालून. मला सगळं कळतं, तरी भाग संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. यंदा या मालिकेनंच माझा कापूस वाचवला. कापूस फुटला भरपूर, पण वेचायला बाया मिळेनात. शेजारचे विठ्ठलराव तांड्यावर ऑटो पाठवून बाया नेतात, आपल्याकडे ऑटो कुठला? मात्र रुपीबाई आणि जमनी (या दोघी जातील तिकडे सगळ्या जातात) मालिकेच्या वेड्या, आणि संध्याकाळी त्यांना चुलीपुढून उठता येत नाही, मोबाईल पोरांच्या हातात. मी वेचता वेचता आदल्या दिवशीचा भाग सांगायला लागले, सासूच्या डोळे वटारण्यासकट. दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांचा ऑटो रिकामा गेला.

मग एका सकाळी वानरांचा कळप आमच्या पत्र्यावर उतरला आणि टीव्हीची छत्री वाकवून गेला. दुरुस्तीवाला नुसता येतो येतो म्हणतो. बायांना आता सांगू काय? दोन दिवस जुन्या सिनेमांवर ढकलले, पण हरवलेले भाऊ आणि गळ्यातली लॉकेटं किती पुरणार. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून तूच बाहेर पडलीस. मालिकेत नवीन सून आली असं सांगून तुला बंगला दिला, जिना दिला, बँकेत मोठी साहेबीण केली. (उंचीही थोडी वाढवली.) सून हसते, सासू जिन्यावरून बोलते, सून बॅग भरते. वहिनी, बाया रडल्या. रुपीबाईच्या कमरेची ओटी अर्धी रिकामी राहिली. आणि सगळ्यात जास्त कोण तापलं असेल तर आई, जी नको नको म्हणताना रोज आमच्यासोबत वेचायला येते. म्हणाली, "कोन हाय थे सासू? पोरगी हासली तं काय आभाय पडलं?" मी मान खाली घालून बोंडं वेचत राहिले.

आता अडचण अशी की अर्धं शेत अजून पांढरं आहे आणि सून काही परत येत नाही. मी तिला एकदा फाट्यापर्यंत आणलं आणि तिथूनच माघारी पाठवलं, कारण खरं काय होणार ते मलाच माहीत नाही आणि खोटा शेवट जिभेवर येईना. रुपीबाई वैतागली. म्हणाली, "तिले घरी आन वो बाई. हा आठवडा पाहातो, मंग आमी विठ्ठलरावाकडं." त्यात जमनी लेकीकडे दारव्ह्याला जाऊन खरी मालिका पाहून आली. तिथे सासू दवाखान्यात, तिची स्मरणशक्ती गेलेली, बँकेतल्या सुनेचा पत्ताच नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात शेजारच्या ओळीतून आई म्हणाली, "थे दुसरी. हे आपल्या घरची हाय." बायांना वाटलं, आमच्या टीव्हीवर वेगळी लागत असेल, आणि त्या परत कामाला लागल्या. मला आधी वाटलं, आई मला नुसती सांभाळून घेतेय. मग बघते तर आई वेचतच नव्हती, नुसती बोंड धरून उभी होती.

असो. पायलला माझा पापा सांग आणि दादाला म्हण, मधे पडत नाही तर निदान बाजूला तरी उभा राहा.

तुझी,
नलू

ता. क. : एवढं लांबण लावलं ते एका ओळीसाठी. शनिवारी तिघंही या. कापसासाठी बोलावते आहे असं समज. (तसं नाही. कापूस मी एकटीही वेचीन, पण तुझ्याशिवाय मला घरात करमत नाही.)

ता. क. दुसरं : पाकीट चिकटवत होते, तर आई येऊन बसली आणि काय लिवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मालिकेचं. ती म्हणाली, "मंग हेबी लिव. सासू म्हनते, माही जीभ चुकली. अन् कोनत्या गाडीनं येतं थे कळव म्हना, थे सोता फाट्यावर येते घ्याले." उद्याचं विचारायला आलेल्या रुपीबाईला मी हा शेवट तिथल्या तिथे सांगून टाकला. तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, सुनेले घ्याले सासू फाट्यावर जाते असं कोनत्याच मालिकेत नसते, हे तू मनचंच सांगून राह्यली. वहिनी, तिला खोटं पाडायला तरी ये.